नागपूर उलटं केलं की रूपगान

वाचकांचे प्रश्न : संगणक आणि मराठी

एप्रिल संपत आला. कूलरमध्ये नवा वाळा भरून झाला आणि दुपारी बाराच्या आत बाहेरची कामं उरकायचा नियम घरात लागू झाला, त्यामुळे पत्रं वाचायला निवांत वेळ मिळाला. यातली निम्मी एकाच ठिकाणी येऊन अडकलेली आहेत: स्ट्रिंग. म्हणजे प्रोग्रॅममधला मजकूर. नाव, पत्ता, मेसेज, जे काही अवतरणचिन्हांत बसतं ते. सतरा वर्षं मी सॉफ्टवेअर कंपन्यांसाठी संदर्भपुस्तिका लिहिते आहे, आणि सगळ्यांत जास्त शिव्या मला स्ट्रिंगच्या पानांनीच खायला घातल्यात. तेव्हा या वेळी फक्त तेवढंच. कोडमधली नावं इथे देवनागरीत छापली आहेत. टाइप करताना अर्थातच रोमनमध्ये करा.

प्रश्न : मॅडम, मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत स्ट्रिंग उलटी करायचं प्रॅक्टिकल होतं. सगळ्यांनी इंग्रजीत आपापलं नाव उलटं केलं, मी मराठीत 'नागपूर' टाकलं. स्क्रीनवर 'रूपगान' आलं! सर म्हणाले, हे चूक आहे, 'रपूगना' यायला पाहिजे. पण मी पुस्तकातलाच प्रोग्रॅम वापरला. मग चुकलं कोण?
(एक विद्यार्थिनी, हिंगणा रोड)

उत्तर : आधी तुझे आभार. इतकी वर्षं या गावात राहून नागपूरच्या पोटात रूपगान आहे हे मला ठाऊक नव्हतं. पत्र वाचून माझा विश्वास बसेना, म्हणून मी रद्दीतल्या पाकिटामागे सहा चौकोन आखले. तूही आख. पहिल्यात न, दुसऱ्यात काना, तिसऱ्यात ग, चौथ्यात प, पाचव्यात दीर्घ उकार, सहाव्यात र. संगणकाच्या दृष्टीने काना आणि उकार ही स्वतंत्र चिन्हं आहेत, त्यांना स्वतःचा चौकोन मिळतो. आता चौकोन उजवीकडून वाच: र, मग उकार, प, ग, मग काना, न. मात्रा नेहमी आपल्या आधीच्या व्यंजनाला चिकटते. पहिल्यांदा उकाराच्या आधी प होता, आता र आला. कान्याच्या आधी न होता, आता ग आला. म्हणून रू-प-गा-न.

शब्द देखणा निघाला हे निव्वळ नशीब. 'विदर्भ' उलटा केलास तर 'भ्रदिव' येईल. 'वर्धा' केलंस तर काना बिचारा सगळ्यांत पुढे येईल, त्याला टेकायला कोणी नसेल, म्हणून स्क्रीन त्याच्याखाली ठिपक्यांचं वर्तुळ काढेल आणि मागे 'ध्रव' उरेल.

तुझ्या सरांचं उत्तर मराठी माणसाचं आहे, प्रोग्रॅमचं उत्तर पायथॉनचं आहे. दोघांनी वेगवेगळ्या गोष्टी मोजल्या, एवढंच. 'नागपूर'ची लांबी पायथॉनला विचार, ६ म्हणेल. गो भाषेला विचार, १८ म्हणेल, कारण ती बाइट (संगणकाच्या साठवणीचं छोटं एकक) मोजते आणि यूटीएफ-८ या मजकूर साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. स्विफ्टला विचार, ४ म्हणेल, कारण ती डोळ्यांना दिसणारे तुकडे मोजते: ना, ग, पू, र. खोटं कोणीच बोलत नाही.

राग मात्र मला संदर्भपुस्तिकांचा येतो. पायथॉनच्या अधिकृत पानावर 'स्ट्रिंग म्हणजे युनिकोड कोड पॉइंटची न बदलणारी मालिका' असं स्वच्छ लिहिलेलं आहे. (युनिकोड म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या चिन्हांची क्रमांकवार यादी. कोड पॉइंट म्हणजे त्यातला एक क्रमांक, आपल्या पाकिटावरचा एक चौकोन.) पण ते विभागाच्या तोंडाशी. लांबी सांगणाऱ्या 'लेन'ची नोंद वेगळ्या पानावर, तिथे फक्त 'घटकांची संख्या' इतकंच. आता प्रॅक्टिकलच्या तासाला अडकलेली मुलगी विभागाचं तोंड वाचायला जाणार आहे का? ती थेट 'लेन'वर उडी मारणार. रस्ट भाषेवाल्यांनी हे ओळखलं. त्यांच्या 'लेन'च्या नोंदीतच लिहिलंय की ही लांबी बाइटमध्ये आहे, आणि माणूस जिला लांबी म्हणेल ती ही असेलच असं नाही. त्यांच्या अधिकृत पाठ्यपुस्तकात तर चक्क 'नमस्ते' हा देवनागरी शब्द घेऊन तीन मोजण्या शेजारी-शेजारी मांडल्यात: १८ बाइट, ६ चिन्हं, ४ तुकडे (न, म, स्, ते). सरांना ते पान दाखव. भांडू नकोस, नुसतं दाखव.

प्रश्न : मी तंत्रनिकेतनात शिकवतो. बहुतेक मुलं मराठी माध्यमातून आलेली. त्यांच्यासाठी गेल्या दिवाळीच्या सुट्टीत बसून पायथॉनच्या चाळीसेक स्ट्रिंग मेथडची (स्ट्रिंगवर चालवायच्या तयार आज्ञांची) मराठी संदर्भपुस्तिका केली. अधिकृत इंग्रजीचं ओळ न् ओळ भाषांतर, एकही वाक्य सोडलं नाही. कॉलेजने छापूनही दिली. पण मुलं ती उघडत नाहीत, आणि जे पुस्तिकेत आहे तेच मला येऊन विचारतात. एक प्रत सोबत पाठवतोय. कुठे काय सुधारावं?
(एक अधिव्याख्याता, कामठी रोड)

उत्तर : सर, पुस्तिका मी दोनदा वाचली. एकदा घरी, एकदा मेट्रोत. दुसऱ्या वेळी शेजारी बसलेल्या एका कॉलेजच्या पोराला पान १४ दाखवून विचारलं, "हे समजतं का रे?" त्याने मन लावून वाचलं आणि म्हणाला, "काकू, हे कोर्टाचं आहे का?"

त्याचं चुकलं नाही. तुमच्या पान १४ वर 'एलस्ट्रिप'ची नोंद अशी आहे: 'अग्रगामी वर्ण काढून टाकलेली स्ट्रिंगची प्रत परत करते. वर्ण हा युक्तिवाद काढावयाच्या वर्णांचा संच निर्दिष्ट करणारी स्ट्रिंग आहे. वगळल्यास पांढरी जागा काढली जाते.' आर्ग्युमेंटचा, म्हणजे मेथडच्या कंसात जे देतो त्याचा, 'युक्तिवाद' झाला, स्पेसची 'पांढरी जागा' झाली. तुमच्या वर्गात मुलं 'स्पेस उडव' म्हणतात ना? मग पुस्तिकेतही स्पेसच उडवा.

पण शब्द हा वरवरचा भाग. त्या नोंदीचं खरं दुखणं सांगते, कारण त्याने मला एकदा चांगलंच तोंडघशी पाडलंय.

२०१४ ची गोष्ट. एका पतसंस्थेचं बारकं काम घेतलं होतं. सभासदांना लाभांशाची पत्रं जायची होती, सव्वाचारशे पाकिटं. यादीत प्रत्येक नावाआधी 'श्री' होतं आणि पाकिटावर संस्थेला ते स्वतःच्या पद्धतीने छापायचं होतं, म्हणून आधीचं काढायचं. मी पायथॉन उघडलं, 'एलस्ट्रिप' म्हणजे डावीकडचं काढणारी मेथड हे माहीत होतं, कंसात 'श्री' आणि एक स्पेस दिली. यादी अकारविल्हे होती. पहिलं पान तपासलं: अनिल, अरुण, अशोक, सगळे ठणठणीत. छापायला टाकलं.

सोमवारी एक म्हातारे गृहस्थ पाकीट घेऊन संस्थेत आले. मी नेमकी तिथेच होते. "मॅडम, हे 'द' कोण आहे बाप्पा? आमच्या घरी तं 'द' नावाचं कोणीच नाही." त्यांचं नाव शरद.

झालं असं की 'एलस्ट्रिप' कंसातला मजकूर शब्द म्हणून घेतच नाही. ती त्याचे सुटे तुकडे करते: श, हलन्त, र, दीर्घ वेलांटी आणि स्पेस. मग डावीकडून खात सुटते. या पाचांपैकी काहीही समोर आलं की गट्टम. 'श्री ' खाल्लं, पुढे शरदचा श आला, तोही यादीत आहे. र आला, तोही आहे. द नाही, तिथे थांबली. रमेशचा 'मेश' झाला. रवींद्रचा 'वींद्र' झाला. शंकरचं तर विचारूच नका: श गेला, अनुस्वार उघडा पडला, पाकिटावर ठिपक्यांच्या वर्तुळावर टिंब आणि पुढे 'कर'. सगळ्यांत वाईट श्रीकांत, कारण त्यांचा झाला 'कांत', आणि ते कोणाच्या नजरेलाच आलं नाही. र आणि श अकारविल्हे यादीत शेवटी येतात, आणि मी पाहिलं होतं पहिलं पान. अख्खा शेवटचा गठ्ठा मी घरी बसून हाताने पत्ते लिहून पुन्हा पाठवला.

आता गंमत अशी, की अधिकृत नोंदीत इशारा होता. 'हा मजकूर उपसर्ग नव्हे, यातल्या चिन्हांचे सगळे जुळणारे तुकडे काढले जातात' अशा अर्थाचं वाक्य तेव्हाही तिथे होतं. पण ते चौथं वाक्य होतं आणि मी पहिल्यावर थांबले. चूक माझीच, हे कबूल. तरी संदर्भपुस्तिका लिहिणाऱ्याने हे गृहीत धरूनच बसायला हवं की वाचणारा पहिल्या वाक्यावर थांबणार आहे. गोष्टीच्या पुस्तकासारखं ते कोणी वाचत नाही. अडला की येतो, एक ओळ उचलतो, पळतो.

तुमची ती नोंद मी अशी लिहिली असती:

एलस्ट्रिप : स्ट्रिंगच्या डावीकडची नको असलेली चिन्हं काढते.
मिळतं काय : नवी स्ट्रिंग. मूळ स्ट्रिंग तशीच राहते.
सांभाळा : कंसात दिलेला मजकूर शब्द म्हणून धरला जात नाही, त्यातलं प्रत्येक चिन्ह सुटं धरलं जातं. मात्रा आणि हलन्तसुद्धा.
जमतं : '००४५' मधून '०' काढा, '४५' मिळतं.
फसतं : 'श्री शरद' मधून 'श्री ' काढा, 'द' मिळतं.
शब्द काढायचाय? : रिमूव्हप्रीफिक्स वापरा (पायथॉन ३.९ पासून, म्हणजे २०२० पासूनचं). 'श्री'च्या पुढची स्पेस विसरू नका, नाहीतर 'श्रीमती'ची 'मती' होईल.

यात 'फसतं' ही ओळ माझ्या लेखी सगळ्यांत महत्त्वाची. तुमच्या पुस्तिकेतलं प्रत्येक उदाहरण यशस्वी आहे, आणि तेही इंग्रजीत. 'हॅलो वर्ल्ड' कधीच फसत नाही. वर्गात मुलं जिथे फसली ती उदाहरणं तुमच्यापाशी असणारच, तुम्ही रोज ऐकता. तीच छापा. ते तुम्हाला येऊन जे विचारतात ना, तोच पुस्तिकेचा मजकूर आहे, तुम्ही तो सोडून बाकी सगळं छापलंत. (जरा टोचून लिहिलं, पण सुट्टी घालवून एवढं काम केलेल्या माणसाला गोडगोड लिहिणं मला पटत नाही.)

'रिप्लेस'चंही बघा. 'प्रत परत करते' हे भाषांतर बिनचूक आहे, आणि त्यातून कोणालाही काही कळत नाही. मुलं रिप्लेस लिहितात, मग जुनंच नाव छापून बघतात आणि म्हणतात, "रिप्लेस चालूनच नाही राहिलं." चालतंय. नवी स्ट्रिंग करून देतंय, आणि ती कोणी झेललीच नाही म्हणून हवेत विरली. तेव्हा तिथे लिहा: 'मूळ बदलत नाही. उत्तर कुठल्यातरी नावात ठेवा.' आणि ही ओळ प्रत्येक मेथडखाली पुन्हापुन्हा छापा. पानं वाढतील, वाढू द्या. एकच गोष्ट चाळीस ठिकाणी सांगणं हा निबंधात दोष असतो, संदर्भपुस्तिकेत नसतो.

अनुक्रमणिका इंग्रजी अकारविल्हे आहे. ज्याला नाव माहीत आहे त्याला ती पुरते. पण ज्याला स्पेस उडवायची आहे त्याला तिचं नाव 'स्ट्रिप' आहे हे कुठून कळणार? त्यासाठीच तर त्याने पुस्तिका उघडली! मागे एक पान जोडा, कामावरून शोधायचं: 'स्पेस उडवायची', 'तुकडे करायचे', 'शोधायचं', 'जोडायचं'. 'शोधायचं' याखाली एक टीप हवीच: 'फाइंड'ला काही सापडलं नाही तर ती उणे १ देते, 'इंडेक्स' सरळ एरर देते, आणि आहे की नाही एवढंच पाहायचं असेल तर दोन्ही सोडा, नुसतं 'इन' वापरा.

शेवटचं. तुमच्या पीडीएफमधली उदाहरणं कॉपी करून चालवली. एकही चाललं नाही. वर्डमध्ये टाइप केलंत ना? वर्ड सरळ अवतरणचिन्हांची वळणदार करतं आणि पायथॉन वळणदार चिन्हं पाहिली की पहिल्याच ओळीला सिंटॅक्स एरर (लिहिण्याचा नियम मोडल्याची तक्रार) देतं. मुलाने पहिलं उदाहरण चालवलं, लाल ओळ आली, पुस्तिका मिटली. मला वाटतं, ती न उघडण्याचं खरं कारण हेच असावं. पायथॉनमध्येच 'डॉकटेस्ट' नावाचं मॉड्यूल (तयार कोडचा संच) आहे; साध्या टेक्स्ट फाइलमध्ये उदाहरणं आणि त्यांची उत्तरं लिहिली की ते सगळी चालवून बघतं आणि न जुळणारी दाखवतं. छपाईला देण्याआधी एकदा चालवा.

प्रश्न : मी निवृत्त मराठी शिक्षक. नातू प्रोग्रॅमिंग शिकतो आणि मला शब्द विचारतो. 'कॅरेक्टर'ला मराठीत 'अक्षर' म्हणावे की 'वर्ण'? पुस्तकांत दोन्ही आढळतात.
(एक वाचक, महाल)

उत्तर : गुरुजी, तुमचा प्रश्न दिसायला सगळ्यांत साधा, आणि माझा अख्खा रविवार त्याने खाल्ला.

तुम्ही वर्गात विचारलं असतं, 'नागपूर' किती अक्षरी? मुलं म्हणाली असती, चार. ओवी, अभंग आपण असेच मोजतो; मोठ्या अभंगाचे चरण ६, ६, ६, ४ अक्षरांचे, त्यात जोडाक्षरालाही एकच धरायचं. आता वर्ण मोजा, व्याकरणाने: न्, आ, ग्, अ, प्, ऊ, र्, अ. आठ. आणि पायथॉन म्हणतं सहा. म्हणजे 'लांबी म्हणजे अक्षरांची संख्या' लिहिलं तरी वाक्य खोटं, 'वर्णांची संख्या' लिहिलं तरी खोटं. इंग्रजीत हा पेच फारसा जाणवत नाही. तिथे एक अक्षर, एक चौकोन, एक बाइट असं बरीच वर्षं चालून गेलं, आणि 'कॅरेक्टर' हा शब्द तिन्हींसाठी वापरायची सवय पडली. आपल्याकडे मात्र अक्षर आणि वर्ण हे दोन्ही शब्द आधीच कामाला लागलेले आहेत, त्यांचे अर्थ पक्के आहेत. त्यांच्या मानेवर तिसरा अर्थ बसवू नये.

मी 'चिन्ह' लिहिते, आणि काटेकोर लिहायचं असेल तिथे सरळ 'कोड पॉइंट'. नातवाला म्हणावं, सुट्या खिळ्यांसारखं समज. जुन्या छापखान्यात काना वेगळा जुळवायचे तसं.

शब्द चुकला की पुढे काय होतं त्याचा नमुना देते. पायथॉनमध्ये 'इजअल्फा' नावाची मेथड आहे. सगळी अक्षरं असली तर 'खरं' म्हणते, अशी तिची ओळख पुस्तकांत असते. नातवाला तिला 'नगर' द्यायला सांगा: खरं. 'नागपूर' द्या: खोटं. 'कमल' खरं, 'कमला' खोटं! कारण युनिकोडच्या वर्गवारीत न, ग, र ही 'लेटर' आहेत, पण काना, उकार, अनुस्वार, हलन्त ही 'मार्क'. ती मेथड फक्त लेटर मान्य करते. अधिकृत नोंदीत वर्गवारीचा उल्लेख आहे, पण मात्रा तिच्यात बसत नाहीत हे इंग्रजी वाचणाऱ्याला सुचायचं कारणच नाही आणि मराठी वाचणाऱ्याला ते कोणी सांगत नाही. मी स्वतः एका ऑनलाइन फॉर्ममध्ये माझं नाव मराठीत भरायला गेले तर 'कृपया फक्त अक्षरे वापरा' असं उत्तर आलं. आतमध्ये काय लिहिलं असेल ते मी लगेच ओळखलं. ओळखून उपयोग काय, नाव रोमनमध्येच भरावं लागलं.

शब्द शोधणाऱ्या पॅटर्नचंही तेच. 'शब्दातलं चिन्ह' या अर्थाचा जो डब्ल्यूचा पॅटर्न आहे, तो पुढे अधिकचं चिन्ह लावून पायथॉनच्या नेहमीच्या मॉड्यूलमध्ये 'नागपूर'वर चालवला की तीन तुकडे हातात येतात: 'न', 'गप' आणि 'र'. काना आणि उकार गाळून. 'रेजेक्स' हे वेगळं मॉड्यूल घेतलं तर त्यात कॅपिटल एक्सचा पॅटर्न आहे, तो अक्षरासारखे तुकडे पाडतो. अभंग मोजायचा असेल तर नातवाला तिथून सुरुवात करू द्या.

प्रश्न : आमच्या जुन्या अंकांचं डिजिटल संग्रहण केलं आहे. 'वऱ्हाड' शोधलं की काही लेख सापडतात, काही नाही. उघडून पाहिलं तर शब्द दोन्हींकडे डोळ्यांना अगदी सारखा. फॉन्टचा दोष का?
(एक डीटीपी ऑपरेटर, इतवारी)

उत्तर : फॉन्टचा नाही. हा अर्धा र दोन रीतींनी टाइप होतो. एक, मराठीचा खास ऱ आणि पुढे हलन्त. दोन, साधा र, हलन्त, आणि त्यानंतर एक न दिसणारं जोडचिन्ह. पहिल्या रीतीने 'वऱ्हाड' ६ चिन्हांचं, दुसऱ्या रीतीने ७ चं. संगणकाला हे दोन वेगळे शब्द. युनिकोडचं सामान्यीकरण (वेगवेगळ्या रीतींनी लिहिलेलं एकच चिन्ह एकसारखं करणं) चालवा असं कोणी सांगेल, पण त्याने इथे काम होत नाही: र आणि नुक्ता (अक्षराखालचं टिंब) वेगवेगळे टाइप केले असतील तर ते एक होतात, न दिसणारं जोडचिन्ह मात्र तसंच राहतं. म्हणून संग्रहावर आणि शोधायच्या शब्दावर, दोन्हींवर आधी एकच बदल चालवा: दुसरी रीत दिसली की पहिली करा. टाइप करणाऱ्या प्रत्येकाचा कीबोर्ड कोणता हेही विचारून ठेवा, गठ्ठ्यागठ्ठ्याने सापडतील.

प्रश्न : अधिकृत डॉक्युमेंटेशनमध्ये एखादी नोंद अपुरी वाटली तर आपल्यासारख्यांनी कोणाला सांगायचं? माझं इंग्रजी कच्चं आहे.
(एक वाचक, त्रिमूर्तीनगर)

उत्तर : सांगू नका, दुरुस्त करून पाठवा. पायथॉनच्या संदर्भपानांच्या फाइली भाषेच्या कोडसोबतच गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर आहेत, साध्या मजकुराच्या. स्ट्रिंगच्या मेथड 'एसटीडीटाइप्स' नावाच्या फाइलमध्ये सापडतील. बदल करून पुल रिक्वेस्ट, म्हणजे 'हा बदल घ्या' अशी विनंती, पाठवायची, एका करारपत्रावर ऑनलाइन सही करायची, मग कोणीतरी तपासतं. कित्येक नोंदी वर्षानुवर्षं दोन-दोन ओळींच्या होत्या. हल्ली लोक त्यांत उदाहरणं भरताहेत, त्यामुळे आधीच कोणी तेच काम धरलंय का ते पाहून घ्या. एका वेळी एकच नोंद धरा. पन्नास ओळींचा बदल पडून राहतो, तीन ओळींचा कोणीतरी चहा पिता-पिता वाचून टाकतं. इंग्रजीची काळजी नको. मी पहिल्यांदा पाठवलं तेव्हा माझी दोन वाक्यं तपासणाऱ्याने कापली, उदाहरण ठेवलं. उदाहरणाला व्याकरण लागत नाही. काय टाइप केलं आणि काय आलं, बस.

दुरुस्ती : मागच्या अंकात मी 'विदर्भ'चे दिसणारे तुकडे ४ लिहिले होते: वि, द, र्, भ. दोन वाचकांनी आपल्याकडे ३ येतात असं कळवलं आहे. त्यांचंही बरोबर आहे. २०२३ च्या युनिकोड १५.१ पासून देवनागरी जोडाक्षर एकच तुकडा धरायचा नियम आला, म्हणून नव्या आवृत्तीवर वि, द, र्भ. मी जुन्या लॅपटॉपवर मोजलं होतं आणि आवृत्ती लिहायची राहून गेली.